सेल्फ फिरत नाही की इंजिन पेट घेत नाही?

गाडी सुरू होत नाही, या एका तक्रारीत दोन वेगळे बिघाड दडलेले असतात: सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिनाला फिरवतच नाही, हा एक; आणि इंजिन फिरते पण पेट घेत नाही, हा दुसरा. यांतला कोणता, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॅटरी आणि सेल्फ बहुधा निर्दोष असतात, तरी आधी बदलली जाते ती बॅटरीच. गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर मात्र सेल्फ मुळीच मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकतो.

सेल्फ फिरत नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून हेडलाइट लावावेत आणि दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवायला सांगावे. दिवे मंदावून भराभर टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच राहून एकदाच ‘टक्’ झाले, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (सेल्फला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवर) घ्यावा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि क्लचचा स्विच पाहावा; पेडलखाली सरकलेल्या मॅटमुळे क्लच पूर्ण दाबला जात नाही, एवढ्यावरही काही गाड्या अडून बसतात.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भरलेली. परंतु हा आकडा फसवा असतो, कारण थकलेली बॅटरीही तो दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. म्हणून सेल्फ मारत असतानाच मोजावे. व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. तेही ठीक असून सेल्फ रखडत असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास अर्थिंगची तार (बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनाकडे व बॉडीकडे जाणारी) सोडवून, दोन्ही टोके घासून पुन्हा घट्ट बसवावी. नवा सेल्फ घेण्याआधी हे पाच मिनिटांचे काम अवश्य करावे.

इंजिन फिरत असूनही पेटत नसेल तर प्रथम डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा पाहावा. तो लुकलुकत राहिल्यास दुसरी किल्ली वापरून बघावी. पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत किल्ली ऑन करताच टाकीकडून पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर पंपाचा फ्यूज व रिले तपासावा. डिझेल गाडीची टाकी कोरडी पडून गेली असेल तर नुसते डिझेल भरून भागत नाही. हँड प्रायमर (डिझेलच्या लाइनवरचा हाताने दाबायचा पंप) असल्यास तो कडक होईपर्यंत दाबून लाइनमधली हवा काढावी, मगच सेल्फ मारावा, आणि तोही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक नव्हे.