आधीचं बाळ जंतुसंसर्गानं गेलं असेल, तर या खेपेला काय करायचं

नवजात विभागात सिस्टर आहे, म्हणून कळकळीनं सांगते. आधीचं मूल वर्षाच्या आत न्यूमोनिया, जुलाब, तोंडातली हटता न हटणारी बुरशी असं होऊन दगावलं असेल, तर प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. घरचे म्हणतील, जुनं कशाला उकरायचं, तरी सांगा. तो 'स्किड' असू शकतो: प्रतिकारशक्तीच नसण्याचा जन्मजात आजार.

बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस थांबवायला विचारा. या जिवंत लसी अशा बाळाला बाधू शकतात. बीसीजी बहुधा घरी सोडण्याआधीच टोचतात आणि टोचणारी सिस्टर वेगळी असते. तोंडी निरोपावर राहू नका, केसपेपरवर ठळक लिहून घ्या.

मग सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. लिम्फोसाइट (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला ३००० च्या खाली असतील तर शंका पक्की धरा. जास्त असले तरी टी-पेशींची (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) तपासणी मागाच. मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत (एनआयआयएच), या आजारांचं निदान होतं.

निदान झालं की स्टेम सेल प्रत्यारोपण, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बाळाला देणं. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळण्याची शक्यता २५ टक्के. नाही जुळलं तर आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही चालतात. साडेतीन महिन्यांच्या आत, संसर्ग होण्याआधी झालं तर यश फार चांगलं. बाळाच्या स्वतःच्या नाळेतलं रक्त इथे उपयोगाचं नाही, दोष त्यातही असतो. मधे रक्त चढवायची वेळ आली, तर किरणांची प्रक्रिया केलेलंच ('इरॅडिएटेड') मागा.