रोइंग मशीनवर स्ट्रोक कसा मारावा

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी बोट चालवण्याचा खेळ, शिकला. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट चालवण्याच्या प्रकारात) १३वा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीतून त्याने सुवर्णपदक मिळवलं. नाशिकच्या पोरांनी हा खेळ शिकावा, असं मला मनापासून वाटतं. सुरुवात जिममधल्या रोइंग मशीनपासून करता येते. त्यावर एकदा मागे ढकलून परत पुढे येणं म्हणजे एक स्ट्रोक.

आधी पायांचे पट्टे बोटांच्या मुळाशी येतील असे आवळा. मशीनच्या चाकाच्या बाजूचा डॅम्पर, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा दांडा, ३ ते ५ च्या दरम्यान ठेवा. तो १० वर नेला की व्यायाम जास्त होतो, हा गैरसमज आहे. त्याने कंबर तेवढी लवकर दुखू लागते.

आता पुढे सरका. नडग्या उभ्या, हात सरळ, पाठ ताठ, खांदे कमरेच्या किंचित पुढे. इथून हँडल ओढायचं नाही, पायांनी तळव्यांखालची फळी ढकलायची. नवशिके नेमके इथेच चुकतात आणि सगळा भार दंडांवर घेतात. खरी ताकद मांड्यांत असते. सीट आणि हँडल एकाच वेळी हललं पाहिजे. सीट मागे गेली आणि हँडल जागीच राहिलं, तर पायांचा जोर फुकट गेला. पाय सरळ होत आले की धड थोडं मागे न्या आणि शेवटी कोपरं वाकवून हँडल बरगड्यांच्या खालच्या बाजूला आणा.

परतताना क्रम उलटा: आधी हात, मग धड, मग गुडघे. हँडल गुडघ्यांवरून उचलून न्यावं लागत असेल, तर गुडघे लवकर वाकताहेत असं समजा. ढकलायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण दुप्पट वेळ परतण्याला द्या. सुरुवातीला मिनिटाला १८ ते २२ स्ट्रोक पुरेत. क्रम जमत नसेल तर हात अजिबात न वाकवता काही स्ट्रोक नुसत्या पायांनी मारून पाहा, फरक लगेच कळतो.

पाण्यात उतरायचं असेल तर आधी पोहायला शिका, आणि पहिल्यांदा प्रशिक्षकाशिवाय जाऊ नका. स्कलिंगच्या बोटीत प्रत्येकाकडे दोन वल्ही असतात आणि पाठ पुढच्या दिशेला असते, म्हणून अधूनमधून मान वळवून मागे बघावं लागतं. काहीही झालं तरी वल्ह्यांच्या मुठी सोडू नका. त्या अरुंद बोटीचा तोल वल्ह्यांवरच सांभाळला जातो.