वकिलांच्या ऑफिसातली कामाची वाटणी: या चुका टाळा

बेळगावात दरवर्षी नवे वकील सनद घेऊन कोर्टात येतात. दोन-तीन वर्षांत सीनियरचं ऑफिस सोडतात, स्वतःची खोली घेतात, एक टायपिस्ट, एक कारकून, एखादा ज्युनियर ठेवतात. माणसं बहुतेक चांगली असतात. पण एकाचं काम कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, हे कुणीच सांगितलेलं नसतं. मी वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करतो. त्याच त्या चुकांपायी पक्षकारांचं नुकसान होताना बघवत नाही, म्हणून लिहितोय.

नकलेचा अर्ज कुणी करायचा हे न ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. खानापूरकडचा एक शेतकरी दुसऱ्या ऑफिसातून आमच्याकडे आला. जमिनीचा ताबा द्यावा असा हुकूमनामा त्याच्याविरुद्ध 1 जूनला झालेला. जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस. अपिलाला निकालाची कोर्टानं दिलेली प्रमाणित प्रत, म्हणजे नक्कल, जोडावी लागते. त्या ऑफिसातल्या ज्युनियरला वाटलं, नक्कल मागणं हे कारकुनाचं काम. कारकुनाला वाटलं, साहेब सांगतील तेव्हा अर्ज करू. अर्ज गेला 26 जूनला. नक्कल तयार झाली 8 जुलैला.

मुदत कायदा 1963 च्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात. पण अर्ज करण्याआधी वाया घालवलेले 24 दिवस कोण वगळणार? हातात राहिले 6 दिवस, म्हणजे 14 जुलैपर्यंत. नक्कल तयार झाली का हे बघायलाही कुणी गेलं नाही. ती उचलली 17 जुलैला. तयार होऊन पडून राहिलेले दिवसही वगळले जात नाहीत.

पुढं विलंब माफीचा अर्ज, त्याला प्रतिज्ञापत्र, समोरच्याचं म्हणणं, तारखेवर तारखा. त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 3-अ प्रमाणे, उशिरा दाखल झालेलं अपील ऐकायचं असं कोर्ट ठरवत नाही तोवर अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही. समोरच्यानं तेवढ्यात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली. शेवटी विलंब माफ झाला, पण पेरलेलं शेत आपल्या हातात राहणार की जाणार या धास्तीत त्या माणसाचा अख्खा पावसाळा गेला. त्याची चूक काहीच नव्हती.

माझी सवय साधी आहे. निकाल विरुद्ध गेला की घरी जायच्या आधी अर्ज. निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हींचा. साहेब म्हणाले, ‘अपील करायचं की नाही ते पक्षकार ठरवू दे,’ तरी अर्ज जातोच. नकलेची फी किती असते? नंतर नोंदवहीत तीन गोष्टी: अर्जाची तारीख, नक्कल न्यायला कोर्टानं दिलेली तारीख, आणि नक्कल उचलणाऱ्याचं नाव. नाव एकाचंच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कुणीतरी नक्कल बघा’ असं टाकणाऱ्या ऑफिसावर माझा विश्वास नाही.

वकील नसलेल्याला कोर्टापुढं उभं करणं

‘काका, साहेब धारवाडला गेलेत, तुम्हीच तारीख घ्या की.’ हे मला किती ज्युनियरांनी सांगितलंय! 2008 मध्ये धारवाडला हायकोर्टाचं बेंच आलं, 2013 मध्ये ते कायम झालं, आणि एकाच दिवशी तिकडं आणि इकडं केस बोर्डावर लागणं नेहमीचं झालं. त्यासाठीच वकीलपत्रावर ज्युनियरचंही नाव घालायचं असतं. कारकुनानं कागद दाखल करावेत, कोर्ट फी, प्रोसेस मेमो (समन्स-नोटिसा काढण्यासाठीचा अर्ज), नकला बघाव्यात. पुकारा झाल्यावर त्यानं बोलू नये. अधिवक्ता कायदा 1961 चं कलम 33 वकिली फक्त सनदधारकालाच करू देतं, आणि कलम 45 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

राजा लखमगौडा लॉ कॉलेजची मुलं ऑफिसात शिकायला येतात. हुशार असतात, त्यामुळं मोह होतो. त्यांना फाइल वाचायला द्या, तारखांचा गोषवारा काढायला लावा, कोर्टात मागं बसवून ऐकू द्या. उभं करू नका. शिकायची घाई त्यांना असते, ती आपण वाढवू नये.

तीच गोष्ट सल्ल्याची. व्हरांड्यात पक्षकार हळूच विचारतो, ‘काका, केस जिंकतो का मी?’ माझं उत्तर एकच: साहेबांना विचारा. काही कारकून तिथंच निकाल सांगून मोकळे होतात आणि पक्षकार त्या भरवशावर तडजोड मोडतो.

बाकीच्या, थोडक्यात

मराठी दस्तांचं कन्नड भाषांतर टायपिस्टवर सोडू नका. 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता. जुने फेरफार, खरेदीखतं मराठीत, काही मोडीत. मोडी जाणकाराकडूनच वाचून घ्या, आणि भाषांतर वकिलानं मूळ कागदाशेजारी ठेवून तपासावं.

बेंगळुरूच्या फर्मसारखी ‘असोसिएट’, ‘पॅरालीगल’ अशी पदं दारावर लावायची घाई कशाला? विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल स्वयंसेवक वेगळे. ते गरजूंना मोफत मदत करतात, ते तुमचे नोकर नाहीत.

पुढची तारीख ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर दिसते म्हणून डायरी बंद करू नका. कोर्टातून उठण्याआधी तारीख हातानं लिहायची.

आणि कारकुनाचा पगार पक्षकाराच्या खिशातून काढू नका. ‘पगार कमी आहे, पण वरखर्चाचं बघून घे’ असं सांगून माणूस ठेवला, की तो पक्षकाराकडून प्रत्येक कागदाला पैसे मागतो, आणि जो देत नाही त्याचा कागद गठ्ठ्यात खाली जातो. कोर्ट फी, नकलेची फी, टपाल यांचा हिशेब पावतीसह पक्षकाराला द्या. कारकुनाचा पगार ऑफिसनं द्यायचा, ठरल्या तारखेला.