कंबर, मान, गुडघा दुखतोय: फिजिओथेरपिस्टकडे जावं की ऑस्टिओपॅथकडे?

नुकतीच कंबरेत उसण भरली असेल किंवा मान धरली असेल, तर फिजिओथेरपिस्ट आणि ऑस्टिओपॅथ (मुख्यतः हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करणारा) या दोघांपैकी कुणाकडेही गेलात तरी चालेल. गुडघ्याची झीज, आखडलेला खांदा, फ्रॅक्चर किंवा सांधा बदलल्यानंतरचा अशक्तपणा, पक्षाघातानंतर चालणं पुन्हा शिकणं, यासाठी मात्र फिजिओथेरपिस्टच गाठा. पण त्याआधी एक पाहून घ्या: हे दुखणं या दोघांपैकी कुणाचंच नाही, असं तर नाही ना?

लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा. कण्याच्या खालच्या टोकाला असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणं असतात, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल, तरी थांबू नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळून घेऊ नका. शिरेत गुठळी असू शकते. बरेच आठवडे पाठ दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, अशा वेळी आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी तपासावा लागतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टर आणि त्यांनी सांगितलेल्या तपासण्या.

आता हे दोघे कोण ते पाहू. महाराष्ट्रात आज काम करणारे बहुतेक फिजिओथेरपिस्ट बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेले असतात: चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. त्यांची नोंदणी राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात संकोच करू नका. ऑस्टिओपॅथी अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये मांडली. तिचा भर हातांनी उपचार करण्यावर आहे: स्नायू दाबणं, सांधा हळूहळू हलवणं, कधी झटका देऊन मोकळा करणं. महाराष्ट्रात ऑस्टिओपॅथसाठी अशी वेगळी परिषद नाही. पाटीवर ‘ऑस्टिओपॅथ’ लिहिलं असेल तर मूळ पदवी कोणती, हा पहिला प्रश्न. मूळचा फिजिओ असेल आणि वर हा कोर्स केला असेल, तर एकाच ठिकाणी दोन्ही मिळतं. नुसता काही दिवसांचा कोर्स असेल, तर मान त्याच्या हातात देऊ नका.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे. तिथे 1993 च्या कायद्यामुळे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या यादीत नाव असल्याशिवाय कुणालाही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही. फिजिओंची यादी एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे असते. दोन्ही याद्या ऑनलाइन तपासता येतात. एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, फिजिओ बऱ्याच भागांत जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय मिळतो. ऑस्टिओपॅथकडे बहुतेक वेळा पैसे मोजावे लागतात. अमेरिकेत डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही पदवी असलेली व्यक्ती पूर्ण डॉक्टर असते, औषधं देते, शस्त्रक्रियाही करते. तिथे ही तुलनाच लागू होत नाही.

उपचारांचे पुरावे तपासून सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2016 च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना या निवडीत फार उपयोगी पडतात. त्या सांगतात की हातांचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच द्या, एकटे नकोत. आणि याच सूचना कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचा शेक), टेन्स आणि आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाची मशीन) आणि ट्रॅक्शन (कणा ताणणं) देऊ नका असंही म्हणतात. म्हणजे जो ऑस्टिओपॅथ दर आठवड्याला फक्त झटका देऊन ‘कट’ असा आवाज काढून पाठवतो तो, आणि जो फिजिओ मशीन लावून वीस मिनिटांनी पुढच्या पेशंटकडे वळतो तो, दोघेही तुमचं अर्धंच काम करतात. झटका दिल्यावर येणारा आवाज हा सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. मणका ‘जागेवर बसला’ म्हणून तो येत नाही. त्यानंतर मोकळं वाटतं हे खरं, पण तो आराम बहुधा थोडा काळच टिकतो. त्या वेळात व्यायाम सुरू करायचा असतो.

पहिल्या भेटीत माणूस पारखता येतो. त्याने दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, रात्री झोप मोडते का, औषधं कोणती, हे विचारायला हवं. मग वाकवून, वळवून, ताकद आणि पायांतली संवेदना तपासायला हवी. गुडघा दुखत असेल तर कंबरेचा खुबाही पाहायला हवा. निघताना हातात दोन-तीन व्यायाम असावेत, आकड्यांसकट. उदाहरणार्थ, गुडघ्याच्या झिजेत खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं: 8 ते 10 वेळा, असे 2 ते 3 संच, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरलं तर ठीक. जास्त दुखलं किंवा गुडघा सुजला तर संच कमी करायचे, व्यायाम बंद करायचा नाही. दहा व्यायामांचा झेरॉक्स कागद मिळाला तर त्यातला एकही घरी होत नाही, म्हणून थोडेच मागून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी, हाडं ठिसूळ होणं, आमवात, पेसमेकर, गरोदरपण, यांपैकी काहीही असलं तर स्वतःहून सांगा. ठिसूळ हाडांवर झटका देऊ नये. पेसमेकर असताना विजेवर चालणारी कोणतीही मशीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, आणि शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी आतून शेक देणारी मशीन) तर नाहीच. मानेला जोराचा झटका देणं तर टाळाच. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होणं दुर्मिळ आहे, पण घडलेलं आहे, आणि मानदुखी त्याशिवायही बरी होते. तान्ह्या बाळाच्या डोक्याची हाडं हलक्या स्पर्शाने ‘सरळ’ करून देतो म्हणणाऱ्या क्रेनिअल (कवटीच्या) उपचारांमागे ठोस पुरावा नाही. त्यावर पैसे घालू नका.

वीस-तीस सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. आधी चार ते सहा आठवडे ठरवा आणि मोजता येईल असं लक्ष्य ठेवा: किती जिने चढता येतात, हात फडताळाच्या कितव्या फळीपर्यंत पोचतो. आखडलेल्या खांद्याला महिने लागतात, विशेषतः मधुमेह असेल तर, त्यामुळे तिथे धीर हवा. इतर दुखण्यांत सहा आठवड्यांनी आकडा हललाच नसेल तर पुन्हा तपासणी मागा, आणि ती मिळाली नाही तर दुसरा थेरपिस्ट किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा.