वानरलिंगीची तयारी आणि घरी राहिलेला हार्नेस

जीवधन किल्ल्याला लागून उभ्या असलेल्या वानरलिंगी सुळक्यावर क्लबची मोहीम येत्या जानेवारीत निघणार आहे. सामानाची यादी या वेळी जरा सविस्तर लिहिली आहे, कारण गेल्या खेपेस एका ज्येष्ठ सदस्यांनी पाच लिटरचा कुकर पाठीवर वाहून पायथ्याच्या घाटघर गावापर्यंत आणला आणि त्यांचा हार्नेस (दोराला जोडून घेण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) मात्र घरी खुंटीवरच राहिला. खिचडी उत्तम झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

सर्वांत आधी दोर पाहावेत. लीड क्लाइंबरसाठी, म्हणजे सर्वांत पुढे चढणाऱ्यासाठी, डायनॅमिक आणि उतरण्यासाठी स्टॅटिक अशा दोन वेगळ्या पिशव्या असाव्यात, आणि पिशवीवरचे नाव वाचून न थांबता ती उघडून पाहावी. डायनॅमिक दोर ताणला जातो आणि पडणाऱ्याचा झटका स्वतःत जिरवतो. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नसल्याने पहिल्या माणसाला त्यावर चढवले, तर तोच झटका थेट त्याच्या कमरेला आणि कातळातल्या बोल्टला बसतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक दोर हाताने वीत-वीत चाचपावा. कोठे तो चपटा किंवा लिबलिबीत लागला, अथवा आवरण फाटून आतला गाभा दिसला, तर तो मोहिमेतून बाद समजावा आणि कपडे वाळत घालण्यासाठीसुद्धा क्लबच्या खोलीत ठेवू नये, कारण असा दोर पुन्हा पिशवीत शिरतो, हा आमचा अनुभव आहे. गाडीत दोर बॅटरीजवळ ठेवू नये. आम्लाने नायलॉनची ताकद जाते आणि ते वरून दिसतेच असे नाही.

कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीवर, कोरलेले आकडे वाचावेत. लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन किंवा त्याहून अधिक भार घेणारा कॅराबिनर आडवा पडला, तर त्याच्या निम्माही भार घेईल याची खात्री नसते. किल्ल्या अडकवण्याचे रंगीत हूक कोणीही आणू नयेत. हेल्मेट, हातमोजे आणि प्रुसिकसाठी (मुख्य दोरावर आवळून धरणाऱ्या गाठीसाठी) सहा मिलिमीटरची दोरी प्रत्येकाची स्वतःची असावी.

आग्या मोहोळाचा विषय थट्टेचा नाही. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते, म्हणून अत्तर, सुवासिक तेल आणि धूम्रपान पायथ्यापासूनच वर्ज्य आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा सर्वांनी घालावा आणि ज्यांना मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे, त्यांनी ते आधीच सांगून आपले औषध जवळ बाळगावे.

मुक्काम घाटघर गावात राहील. काही उत्साही सदस्यांनी नाणेघाटाच्या लेण्यात पथारी टाकण्याचा प्रस्ताव मांडला होता व त्याला ‘गुहाभ्रमण’ असे भारदस्त नावही दिले होते. ज्या भिंतींवर सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, त्यांच्याशेजारी चूल पेटवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. शिवाय चुनखडीत पाणी जसे लांबच लांब गुहा कोरते, तसे आपल्या बेसाल्टात घडत नाही. त्यामुळे हे भ्रमण दहा पावलांत संपले असते.

रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, दोराच्या दोन्ही टोकांना गाठी असाव्यात, म्हणजे कोणी टोकावरून निसटणार नाही. मात्र शेवटचा माणूस उतरल्यावर दोर ओढण्याआधी त्या सोडाव्यात. गेल्या वर्षी एक गाठ तशीच राहिली, दोर वर अडकला आणि तो सोडवण्यासाठी कुकर आणणाऱ्या सदस्यांना उसन्या हार्नेसवर अखेर सुळका चढायला मिळाला.