दाजींना दुसऱ्यांदा न्यायच्या आधी

मागच्या वर्षी दाजींना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं तेव्हा बॅगेत तीन साबण होते, आधारच्या पाच झेरॉक्स होत्या आणि ताईने दिलेला चिवड्याचा डबा होता. एक प्रश्न तेवढा विचारायचा राहिला. त्यात एकवीस दिवस गेले आणि ताईच्या पाटल्या अजून सोसायटीत अडकून आहेत. खानापूर, बेळगाव, निपाणीकडे ज्यांच्या घरात असा कुणी आहे त्यांनी माझ्यासारखं करू नये म्हणून हे लिहितोय.

प्रश्न असा: रोजची बैठक कोणत्या भाषेत चालते?

तुम्ही म्हणाल, हे काय विचारायचं? मीही विचारलंच होतं. फोनवर म्हटलं, "तिकडं मराठी चालतंय काय?" पलीकडचा म्हणाला, "चालतंय की! आमचा वॉचमनसुद्धा मराठीच आहे." खोटं नव्हतं ते. डॉक्टर मराठी बोलायचे, जेवण वाढणारी बाई मराठी, वॉचमन तर आमच्या शेजारच्या गावचा निघाला. पण उपचार म्हणून जे असतं ते, म्हणजे सकाळ-संध्याकाळची गटाची बैठक, समुपदेशन, वहीत लिहायचं काम, सगळं कन्नडमध्ये. दाजींचं कन्नड बाजारातलं. एष्टु, कोडि, बेड. किती, द्या, नको. एवढ्यावर भाजी मिळते. बायकोवर पहिल्यांदा हात कधी उचलला हे वीस जणांत बसून एवढ्यावर सांगता येत नाही. (दारूला 'नको' म्हणायचा शब्द, 'बेड', नेमका त्यांना येत होता, ही त्यातली गंमत.)

तिसऱ्या रविवारी भेटायला गेलो तर म्हणाले, "सगळी चांगली हाईत. जेवान बी बरं हाय. पन दोन दोन तास मी फॅनकडं बघत बसतोय." फाईलवर शेरा होता, शांत स्वभाव, सहकार्य चांगलं. कुणी काही विचारलं की हे 'हौदु, हौदु', म्हणजे 'हो, हो', म्हणायचे, मग दुसरं काय लिहिणार ते? घरी आल्यावर नवव्या दिवशी प्यायले. केंद्राचा दोष नाही. तिथल्या कन्नड माणसांना तिथे गुण आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि हे बोर्डावरच्या भाषेचं भांडण नव्हे, त्यासाठी दुसरी जागा आहे. आपल्या कन्नड शेजाऱ्याला कोल्हापुरात नेऊन बसवलं तर त्याचीही हीच गत होईल.

म्हणून प्रश्न तोडून विचारा. गटाची बैठक कोणत्या भाषेत? समुपदेशक एकट्याला घेऊन बसतो तो कोणत्या भाषेत? वाचायला-लिहायला देतात ते कोणत्या लिपीत? आणि घरच्यांची बैठक असते ती कोणत्या भाषेत? ताईला तर कन्नडचं 'हौदु'सुद्धा येत नाही. 'मराठी चालतं का' असं विचारलंत तर उत्तर 'चालतं' असंच येणार.

आता सुरुवातीपासून. केंद्र शोधायच्या आधी डॉक्टर, हे मला नंतर कळलं. केंद्रात न्यायचं म्हणून आधी दोन दिवस घरात कोंडून दारू तोडायची, हा गावोगावचा शहाणपणा आहे आणि तो जीव घेऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार नसेल तर माणूस दगावतोही. आकडी आली किंवा बरळायला लागला तर केंद्र नको, १०८ ला फोन करा आणि सिव्हिल गाठा. गावातला डॉक्टर अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची बाटली लावायला निघाला तर त्याला सांगा की हा रोज पिणारा आहे. अशा माणसाला आधी बी-१ चं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा व्हायचा धोका असतो. लाजून हे लपवू नका. लाज गावभर झालेलीच असते.

त्यामुळे पहिला कागद तयार करा तो पिण्याचा. किती, काय, किती वर्षं, शेवटचा घोट कधी. 'थोडी घेतात' चालत नाही. ९० मिलीची पाकिटं किती, गोव्याहून चोर्ल्याच्या वाटेने येणारी बाटली किती दिवस पुरते, हातभट्टीची घेतात का. पूर्वी कधी आकडी आली होती का, हे तर मोठ्या अक्षरात. बीपी, साखर, कावीळ, टीबी, चालू गोळ्या हे सगळं त्याच कागदावर.

कुठे न्यायचं? बेळगावात सिव्हिल आहे, म्हणजे बिम्सचं जिल्हा रुग्णालय, आणि नेहरूनगरला केएलईचं हॉस्पिटल. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे आणि अंगातली दारू उतरवायचे पहिले दिवस अशाच ठिकाणी काढलेले बरे. धारवाडला डिमहान्स हे मानसोपचाराचं रुग्णालय, बेळगावापासून पाऊणशे किलोमीटर, सरकारी, खर्च कमी; पण समुपदेशनाची भाषा विचारा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये व्यसनावरचं स्वतंत्र केंद्र आहे, अवघड केस असेल तर तिथवर जाणारे जातात, भाषा विचारा. धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेची मद्यवर्जन शिबिरं भरतात, आठ दिवसांची, गावच्या गाव मदतीला येतं, लोकांना गुणही येतो; भाषा विचारा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर ठरलेल्या वारी येतात, कर्नाटकात या कार्यक्रमाला मनोचैतन्य म्हणतात. वार आधी विचारून जा, नाहीतर दिवसाचा पगार बुडतो. वर गेलात तर कोल्हापूर, आणि पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून मराठीत चालू असलेलं, पिणाऱ्यांच्या बायकोसाठी सहचरी नावाचा वेगळा गट. पण पुणं इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. घरच्या माणसाला दर आठवड्याला जाता येणार आहे का, याचा हिशोब आधी मांडा. भाषा जुळली आणि घरचं कुणी फिरकलंच नाही, तर तेही अर्धंच काम.

फोनवर मदत हवी असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट. टेलिमानसला भाषा निवडायला सांगतात, तेव्हा घाईत पहिलंच बटण दाबू नका. मी दाबलं होतं.

फोन करायला एक वही करा. प्रत्येक केंद्राला एक पान. रात्री डॉक्टर किंवा नर्स असते का? किती दिवस? महिन्याचे किती, औषधं त्यात की वेगळी, मध्येच घरी आणलं तर पैसे परत मिळतात का? भेट किती दिवसांनी, फोन देतात का? 'पहिला महिना कुणाला भेटायचं नाही, फोन नाही, काही नाही' असं कुणी म्हणालं तर ते पान तिथंच फाडा. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याचंही. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर, पैशाच्याही आधी, भाषा. माझ्या पहिल्या वहीत अकरा केंद्रं होती, दर होते, अंतर होतं, एकाचा तर जेवणाचा मेनूही लिहून घेतला होता. भाषेचा रकानाच नव्हता.

नोंदणी बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्थाही धरलेल्या आहेत, त्यामुळे असा उपचार करणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागा. भिंतीवरचे सत्काराचे फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. साखळीने बांधायला याच कायद्याने बंदी आहे. शुद्धीवरचा, समजता माणूस स्वतः सही करून दाखल होतो आणि स्वतः म्हणाला तर बाहेरही पडू शकतो. त्याच्या मर्जीशिवाय ठेवायचं तर नियम कडक: नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने ठरवणाऱ्या माणसाचा अर्ज, मानसोपचार तज्ज्ञासह दोघांनी वेगवेगळी केलेली तपासणी, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. रात्री जीप पाठवून चौघांनी उचलून न्यायचा धंदा करणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. आमच्याकडे एका नातलगाने तो सल्ला दिला होता. दाजी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, त्यांना चौघांनी उचललं असतं तर ताईने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. बसून बोलावं लागलं, तीन वेळा, तिन्ही वेळा सकाळी, पोटात काही नसताना. संध्याकाळी बोलून उपयोग नाही.

सही कोण करणार, पैसे कोण भरणार, हे बहिणीच्या सासरच्यांना विचारून ठरवा. मेहुण्याने एकट्याने ठरवलं की पुढे सगळं मेहुण्याच्या माथी येतं.

कार्डाचं बघा. सीमेवर ही एक वेगळीच कटकट. कर्नाटकातली आयुष्मान-आरोग्य कर्नाटक योजना कर्नाटकच्या रेशनकार्डावर, आणि तातडीची केस नसेल तर बहुधा सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. कोल्हापूर-पुण्यात नेताय तर तिथल्या काउंटरवर कार्ड दाखवून आधीच विचारा, ऐनवेळी नको. योजनेत बसेल ते बसेल, बाकीच्या खर्चाची रक्कम हातात ठेवा. पाटल्या शेवटी.

दारूऐवजी गांजा किंवा गोळ्या असतील तर रिकामी पाकिटं, स्ट्रिप सोबत न्या, नाव सांगता येत नसेल तर तीच दाखवा. झोपेच्या गोळ्यासुद्धा एकदम तोडल्या तर आकडी येऊ शकते. पोलिसांच्या भीतीने पोराला लपवून ठेवू नका. सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या प्रकरणात, कायद्याने खटल्यापासून संरक्षण दिलंय. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. तंबाखू-गुटखा सोडायला फोनवर मदत करणारी वेगळी फुकट क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६. निपाणीच्या मुलखात हे सांगितलं की लोक हसतात, पण आहे.

जेवणात गुपचूप मिसळायची पावडर विकायला कुणी आला तर दारातून परत पाठवा. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर तोंड लाल, धाप, रक्तदाब खाली, जीवही जातो. ती गोळी डॉक्टरच देतात, पिणाऱ्याला सांगून.

बॅग: कपडे, चप्पल, औषधं, झेरॉक्स. चिवडा आत जाऊ देत नाहीत.

भेटीला गेलात की 'जेवता का नीट' एवढंच विचारून परतू नका. विचारा, काल बैठकीत काय बोललात? उत्तर आलं नाही, किंवा 'चांगलं होतं' एवढंच आलं, तर समुपदेशकाला त्याच दिवशी गाठा. भाषेचं तिथंही कळतं. मला तिसऱ्या रविवारी कळलं, पहिल्याच रविवारी कळायला हवं होतं.

बाहेर आल्यावर: घरातल्या बाटल्या आधीच काढा, पगार काही महिने ताईच्या हातात, लग्न-जत्रा यंदा चुकवा. दाजी दुसऱ्या ठिकाणाहून, मराठीतल्या, येऊन चार महिने झाले. मध्ये जत्रेत एकदा घसरले, तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करून डॉक्टरांकडे गेले. एएची, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाची, बैठक जवळपास असेल तर तिथे न्या, फी नसते, घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं; भाषा विचारा, प्रत्येक गटाची वेगळी. गोळ्या किती दिवस, कुठल्या दुकानात मिळतात, संपत आल्या की कुणाला फोन, तेही लिहून घ्या. आणि फेरतपासणीची तारीख कागदावर घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. ती तपासणी कोण करणार आणि कोणत्या भाषेत, तेही त्याच कागदावर.