डाळिंबाच्या मुळीवर गाठी आल्यात? निमॅटोडशी झाडालाच लढायला तयार करा

ऐन बहरात झाड मलूल पडलं, पानं पिवळी दिसायला लागली, पाणी चालू असूनही दुपारी माना टाकतंय, की आपण डायरेक्ट दुकानात जातो आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो. तसं करू नका, आधी मुळी बघा. ड्रीपरच्या खाली वीतभर उकरायचं, पांढरी मुळी हातात घ्यायची, हलकेच धुवायची. मणी ओवल्यासारख्या गाठी दिसल्या तर निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी. बागेत मूग किंवा चवळी घेतली असेल तर त्यांच्या मुळावरच्या गाठी बघून घाबरू नका, त्या नखाने सहज निघतात आणि फोडल्यावर आत गुलाबी असतात, त्या चांगल्या. निमॅटोडची गाठ निघत नाही कारण ती म्हणजे मुळीच फुगलेली असते.

हा किडा डोळ्याला दिसत नाही. पिल्लू मुळीच्या कोवळ्या टोकातून आत शिरतं, तिथंच बसून खातं, मादी शेकड्याने अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार. त्यात आपली सांगोला-आटपाडीकडची हलकी मुरमाड जमीन त्याला फारच मानवते. वरून मुळीला पडलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत जाते, म्हणून मर आली की बऱ्याच बागांत आधी निमॅटोड येऊन गेलेला असतो, आपण फक्त मरीचं औषध ओतत बसतो.

थिमेट मिळेल का असं अजून विचारणारे आहेत. ते फोरेट, २०२० संपताना देशात बंद झालंय, कुणाच्या गोडाऊनला जुनी पिशवी पडलेली असली तरी हात लावू नका, भयंकर विषारी आहे आणि आपण फळ पिकवतोय.

आता मुद्द्याचं. झाडाकडं स्वतःची प्रतिकारशक्ती असते पण ती झोपलेली असते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी किंवा सुडोमोनास हे मित्रजीवाणू मुळीवर राहायला आले की झाडाला कुणीतरी दारात आल्याची चाहूल लागते, ते पेशींच्या भिंती जाड करतं, किडीला न मानवणारी द्रव्यं बनवतं, आणि मग निमॅटोड आला तर झाड आधीच सावध असतं. पण हे सगळं निमॅटोड आत शिरायच्या आधी व्हायला पाहिजे. आलेली गाठ कशानेच परत जात नाही, आपण वाचवतो ती पुढची मुळी. म्हणून ताण तोडून, म्हणजे बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी परत सुरू करून, पहिलं पाणी दिल्यावर नवी पांढरी मुळी सुटते तेव्हा ट्रायकोडर्मा जमिनीत जिवंत आणि भरपूर पाहिजे. त्यासाठी बेड, म्हणजे शेणखतात ट्रायकोडर्मा वाढवायचा ढीग, ताण तोडायच्या पंधरा-वीस दिवस आधी लावायचा.

सामान साधं. ९० किलो शेणखत, १० किलो निंबोळी पेंड, १ किलो ट्रायकोडर्मा. पुड्यावर तारीख बघा आणि ग्रॅममागे किमान २० लाख सीएफयू, म्हणजे वाढू शकणारे जिवंत कण, लिहिलंय का बघा, उन्हात ठेवलेला पुडा घेऊ नका.

खरी गोची बेड लावण्यातच आहे. माझे दोन बेड वाया गेले आणि तिसरा चांगला झालेला मी स्वतःच्या हाताने मारला, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या वर्षी शेण ताजं होतं. उकिरड्याच्या वरच्या थरातलं उचललं, पुडा मिसळला, ढीग कंबरेएवढा केला आणि प्लास्टिकने घट्ट झाकला. चौथ्या दिवशी हात घातला तर आत हात ठेवता येईना एवढं गरम, आणि नाकाला झोंबणारा वास. ट्रायकोडर्माला २५ ते ३० डिग्री मानवतं, त्या भट्टीत तो कुठला जगतोय. त्यामुळे खत पूर्ण कुजलेलंच पाहिजे, काळं, भुसभुशीत, मुठीत घेतलं तर शेणाचा वास येता कामा नये. कुणी म्हणेल अर्धवट कुजलेलं चालतं, ट्रायकोडर्माच ते कुजवेल. नाही चालत. कुजवायचं काम वेगळं आणि वाढवायचं काम वेगळं, दोन्ही एका ढिगात करायला गेलात की दोन्ही बिघडतं.

दुसऱ्या वर्षी खत चांगलं होतं पण आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर धरतात त्या बहाराची, तयारी चाललेली, ऊन लागायला लागलेलं, ढीग बांधावर उघड्यावर, आणि मला वाटलं एकदा पाणी मारलं म्हणजे झालं. आठवड्याने बघतो तर वरचा चार बोटं थर कोरडा भुगा आणि आत काहीच नाही, ना पांढरं ना हिरवं. तेच खत मी टाकलं आणि वर्षभर वाटत राहिलं की ट्रायकोडर्मात काही दम नाही. तुमच्या ओळखीत जेवढे लोक म्हणतात ना की जैविकने काही फरक पडत नाही, त्यातल्या बहुतेकांनी मेलेला ट्रायकोडर्मा टाकलेला असतो.

तर असं करा. जागा सावलीची, शेडमध्ये किंवा दाट झाडाखाली. ढीग फूट-दीड फुटापेक्षा उंच नको, हवं तर लांब करा. ओलाव्याची परीक्षा मुठीने, खत घट्ट दाबलं की लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये, पाणी गळलं तर हवा कोंडते आणि भलत्याच बुरश्या माजतात, लाडू फुटला तर पाणी कमी आहे. वर ओलं गोणपाट टाका, प्लास्टिकच टाकायचं असेल तर सैल टाका म्हणजे हवा खेळेल. दर तीन-चार दिवसांनी फावड्याने खालचं वर करा आणि कोरडं वाटलं तर झारीने पाणी शिंपडा, पाइप सोडू नका. आणि रोज एकदा ढिगात हात घाला. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच पसरून थंड करा. आठ-दहा दिवसांत पांढरे तंतू दिसतात, मग त्यावर हिरवट झाक येते, आणि पावसाळी मातीसारखा वास. हिरवं दिसल्याशिवाय शेतात न्यायचं नाही, पंधरा दिवस झाले म्हणून तर अजिबात नाही.

तिसऱ्या वर्षीचा बेड असा हिरवागार झाला होता. टाकला, आणि चार दिवसांनी मरीच्या भीतीने एकाच्या सल्ल्यावरून सगळ्या बागेला कार्बेन्डाझिमची आळवणी केली, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतलं. ते बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, एवढी साधी गोष्ट मला सल्ला देणाऱ्यानेही सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. पंधरा दिवसांची मेहनत एका टाकीत गेली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी आणि ट्रायकोडर्मा यांच्यात आधी आणि नंतर किमान पंधरा दिवस. बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी तेल्या रोगासाठी करावीच लागते, ती करा, पण खाली आळ्यात ओघळ साचेल एवढी नको.

टाकणं सोपंय. झाडाला दोन-अडीच किलो, ड्रीपरखालच्या ओल्या पट्ट्यात, चार बोटं मातीआड. चौदा बाय दहावर एकरी तीनशे झाडं धरली तर साडेसातशे किलो लागतं, म्हणजे असे सात-आठ बेड. हे नेहमीच्या शेणखताच्या बदली नाही, त्याच्या जोडीला आहे.

सुडोमोनास ड्रीपमधून संध्याकाळी सोडा, लेबलवरच्या मात्रेने, आणि त्याला ट्रायकोडर्माच्या बेडमध्ये वाढवू नका. निमॅटोडची अंडी खाणारी पॅसिलोमायसिस ही बुरशी वापरायची असेल तर तिचाही बेड वेगळा.

मायकोरायझा, म्हणजे मुळीसोबत राहणारी बुरशी, त्याबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. गूळ, बेसन आणि मायकोरायझा टाकीत चार दिवस ठेवून वाढवा असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. मायकोरायझा जिवंत मुळीशिवाय वाढूच शकत नाही, टाकीत वाढतात ते बाकीचे जंतू. त्याचा खरा उपयोग नवीन लागवडीत, खड्ड्यात गुटीच्या, म्हणजे फांदीला मुळ्या फोडून केलेल्या रोपाच्या, मुळीला चिकटेल असा टाकला तर. आणि गुटी घेताना पिशवी फाडून चार-दोन रोपांची मुळी बघाच, निमॅटोड बागेत बऱ्याचदा नर्सरीच्या पिशवीतूनच येतो. नर्सरीवाला नको म्हणाला तर तिथून रोप घेऊ नका.

झाडाच्या भोवती झेंडू लावा. त्याच्या मुळीत निमॅटोडला मारणारं द्रव्य असतं, पण झेंडू दोन-तीन महिने तरी जमिनीत उभा राहिला पाहिजे, बांधावर शोभेला चार रोपं लावून काही होत नाही. दसरा-दिवाळीला फुलं विका, नंतर झेंडू कापून तिथंच गाडा. आणि दोन ओळींत टोमॅटो, वांगी, भेंडी, कलिंगड घेऊ नका, पहिल्या वर्षी चार पैसे मिळतात म्हणून सगळे कलिंगड घेतात आणि निमॅटोडला फुकट जेवण मिळतं.

ट्रायकोडर्माचं खत टाकल्यावर दीड-दोन महिन्यांनी परत उकरून बघा, चार वेगवेगळ्या झाडांखाली, आणि जुन्या गाठी मोजत बसू नका, फक्त नव्या पांढऱ्या मुळीचं टोक बघा. ते सरळ, लांब आणि केसाळ असेल तर पुढच्या बहाराच्या बेडसाठी शेणखत आत्तापासूनच कुजायला टाका. परत गाठी असतील तर मुळीचा आणि मातीचा नमुना ओला ठेवून, पिशवीत बांधून, उन्हात न ठेवता जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, आणि नमुना मेलेल्या झाडाखालचा नको, नुकतंच पिवळं पडायला लागलेल्या झाडाखालचा घ्या.